प्रवासी शून्य

प्रिय साबू,

तलश्शेरीला बेकरीच्या भट्टीपुढे उभा असशील, तर आधी हात पूस आणि मग हे वाच. तिरुवनंतपुरमला सगळं ठीक आहे. अम्मा स्थळं आणते, मी नाही म्हणते, आणि मग दोघी पोटभर जेवतो.

ऑफिसात तुझ्या खुर्चीवर आता अनिला बसते. तीही तुझ्यासारखीच स्क्रीनला शिव्या घालते. परवा चूक होती बाराव्या ओळीत आणि कॉम्प्युटर बोट दाखवत होता चाळिसाव्या ओळीकडे. राग एकाचा आणि काढायचा दुसऱ्यावर, थेट आमच्या अम्मेसारखं! मला तू आठवलास. "नुसतं चुकलं, चुकलं! काय चुकलं ते सांगायला याचं तोंड शिवलंय का?" असा ओरडायचास. प्रोग्राम मोडेल त्यानं सगळ्यांना पळंपोरी खिलवायची, हा आपला नियम अजून पाळतो. तू होतास तेव्हा चहासोबत केळ्याच्या त्या गरम कापांची चंगळ होती. तू तुझ्या अप्पांच्या मदतीला बेकरीत गेलास आणि आम्ही बिस्किटांवर आलो.

त्या वैतागातूनच तू आपल्या होड्यांच्या बुकिंग-प्रोग्राममधले चूक सांगणारे संदेश माणसासारखे, दादा-चेट्टा म्हणत लिहिलेस. 'चेट्टा, तारीख उलटी पडली, पुन्हा टाका बरं.' लोकांना ते फार आवडतात. मंगळवारी आलप्पुळाहून एका आजोबांचा फोन आला. त्यांना अख्खी होडी हवी होती, नुसत्या फणसांसाठी. प्रवासी शून्य! असं कुणी करील हे आपल्या स्वप्नातही नव्हतं. त्यांच्या स्क्रीनवर तुझा संदेश उमटला होता, तो त्यांनी मला खणखणीत वाचून दाखवला: 'हे घडूच शकत नाही. घडलंच, तर मिनीला विचारा. तिला सगळं ठाऊक असतं, माझ्या मनातलं एक सोडून.'

आजोबा म्हणाले, "मिनी तूच का गं? माझ्या फणसांचं बघ पोरी. आणि जमलं तर त्या मुलाचंही बघ." अनिला शेजारी हसून लोळत होती.

साबू, इतके दिवस मला वाटायचं, हे वेड माझ्या एकटीचंच आहे. स्थळं का परतवते ते आता तुला कळलं असेल. फणस सुखरूप पोचले. प्रोग्राम मात्र तुझ्या हातून मोडला, तेव्हा येत्या रविवारी पळंपोरी घेऊन ये. ऑफिसात नको, घरी. अम्मा-अच्छन दोघांनाही सांगून ठेवलंय. चूक मी दुरुस्त केली आहे. तुझा संदेश तसाच ठेवलाय, फक्त त्यातले शेवटचे चार शब्द पुसले.

तुझीच,
मिनी