हिच्या गोळीचा पहारेकरी

५ जून
हिला ल्यूपस आहे. म्हणजे अंगातले पहारेकरी चोर सोडून घरच्यांनाच बदडतात. बोटं सुजलीत, साधा पेला धरवत नाही. नवीन जालीम औषध सुरू करायचंय, तर तपासणीत जुना हेपटायटिस बी निघाला! लिव्हरमध्ये गुपचूप झोपलाय. नव्या औषधाने पहारेकरी पेंगले की हा उठणार आणि लिव्हरची वाट लावणार. म्हणून आधीपासून एक गोळी. रोज, न चुकता, उपाशीपोटी. शिवाय घरच्या सगळ्यांनी रक्त तपासायचं, मग लस. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळीकडे लक्ष कोण देणार? मी ताडकन उभा राहिलो. खुर्ची पडली. हरकत नाही.

६ जून
गजर सहाचा. ट्रे, पाणी, बशीत गोळी, सोबत चहा-टोस्ट. याला म्हणतात सिस्टिम.

७ जून, सकाळी आठ
गजर फारच मंजुळ निघाला. झोप आणखी छान लागली. उद्यापासून कर्कश. ट्रे नेला. ही म्हणाली, ठेवा, घेते मी. टोस्ट मीच खाल्ला. अन्न टाकू नये.

१० जून
सासूबाई आणि मुलगी रक्त देऊन आल्या. मीही निघालोच होतो, पण टोस्ट! उपाशीपोटी म्हणजे उपाशीपोटी. नियम तो नियम.

११ जून
आज नक्की जाणार होतो. सुईला मी भीत नाही. ती दिसली की पाय लटपटतात, ते कामाच्या ताणामुळे. तोंडात बिस्कीट कसं गेलं, देव जाणे.

१४ जून
कर्कश गजराने शेजारचे काका दार वाजवत आले. मुलगी म्हणते, बाबा, तुझ्या गजराने तू सोडून सगळे उठतात. आगाऊ कार्टी. आईवर गेलीये.
रक्त: केळं खाल्लं.

१९ जून
नवीन औषध सलाईनमधून सुरू. हिच्या हातात सुई जाताना मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. कुणीतरी शांत राहायला हवं ना!

३ जुलै
हिने लोणच्याची बरणी उघडली. स्वतः! मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. म्हणजे, साबण गेला डोळ्यात.

१७ जुलै
लिव्हरचा रिपोर्ट चोख. मी म्हटलं, सिस्टिम आहे मॅडम, गोळी चहा-टोस्टसोबत वेळेवर. बाईंचं पेन थांबलं. उपाशीपोटी सांगितली होती ना? हिला काही झालं असतं तर? ही शांतपणे म्हणाली, मी पहाटे पाचलाच घेते. यांनी बशीत आणलेली ठेवून देते, ती दुसऱ्या दिवशी पहाटे. ट्रे आणायची हौस आहे यांना, आणू देत.
मग बाई माझ्याकडे वळल्या. तुमचं रक्त? म्हटलं, उपाशीपोटी जमतच नाहीये. बाई म्हणाल्या, उपाशी ती गोळी घ्यायची. रक्त कधीही चालतं. आत्ताही.

१७ जुलै, संध्याकाळ
सुई दिसली, एवढंच आठवतं. मग बाकावर आडवा होतो. डोळे उघडले तर हिने माझा हात धरलेला. इतका घट्ट की माझी बोटं दुखली. दीड महिन्यापूर्वी हिला पेला धरवत नव्हता. सोड म्हणालो नाही.

१९ जुलै
माझा रिपोर्ट साफ. आता लस, तीनदा टोचणार. नर्सने विचारलं, तारखांकडे लक्ष कोण देणार?
हिने हात वर केला. खुर्ची न पाडता.