फक्त अकराच उरली, आजच नोंदवा

देवनहळ्ळी, सोमवार

तीर्थस्वरूप संताजीकाकांना,
भव्याचा नमस्कार.

फळझाडावर गृहकर्ज मिळतं का? मला खरंच ठाऊक नाही. बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत कुणी शिकवलं नाही, आणि आपल्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नसल्यामुळे विचारायचं तरी कुणाला? हा प्रश्न कुठून आला ते सांगतेच. पण आधी तुमचा गुडघा कसा आहे? नीलिमाअक्का रोज शेक देते ना? पुण्याचं पाणी मानवलं का? इकडे अप्पा आणि आई ठीक. (अप्पांचा खोकला तुम्ही गेल्यावर थांबला. बिडी तुमचीच होती असं आई म्हणते, मी म्हणत नाही.)

जाताना तुम्ही म्हणालात, "भव्या, दिवसभर ऑनलाइन-ऑनलाइन करतेस ना, मग यंदाचे चकोते विकून दाखव. नाहीतर मी परत येऊन नागनाथच्या कागदावर सही करणार." म्हणजे अकराही झाडं आडवी आणि तिथे प्लॉट. (तुमच्याकडे पुण्यात चकोत्याला पपनस म्हणतात, पण त्याने झाड वाचत नाही.) त्या जमीनदलाल नागनाथने तर त्याच दुपारी फाटकावर 'जागा विकणे आहे'चा पत्रा ठोकला. मी नुसतं "सरी काका", बरं, एवढंच म्हटलं, कारण जास्त बोलले असते तर रडले असते.

तर, एचएसआर लेआउटमधलं आमचं ऑफिस लोकांना ऑनलाइन गिऱ्हाईक मिळवून देतं. माझी वरिष्ठ हर्षिता सांगते, आधी ठिकाण लिहायचं, मग माल थोडाच उरलाय म्हणायचं, शेवटी घाई करायची, माणूस येतोच. आणि आलेला माणूस विकत घेतल्याशिवाय सोडायचा नाही. मला एक शब्दही खोटा लिहायचा नव्हता, आणि नवल म्हणजे लिहावा लागलाच नाही. 'देवनहळ्ळी. विमानतळाजवळ. फक्त अकराच उरली. आजच नोंदवा.' सोबत बागेचा सकाळचा फोटो, मागे छान मोकळी जागा. 'घरच्या झाडांचे रसाळ चकोते' हे शेवटच्या ओळीत होतं. पण फोनवर शेवटची ओळ 'आणखी वाचा'च्या मागे जाते, आणि ती कुणी वाचत नाही, हे हर्षिताने मला नंतर सांगितलं.

फोन थांबेना, काका. एकाने विचारलं, पूर्वेकडचं आहे का? म्हटलं, आहे की, ऊन मिळतं म्हणून जास्त गोड. ताबा कधी? म्हटलं, पिकल्यावर. (शहरातली माणसं, त्यांची बोलायची तऱ्हा, असं मला वाटलं.) गृहकर्जाचं विचारणारा भेटला तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. तोवर सगळ्यांना रविवारी बाग बघायला बोलावून झालं होतं.

काल गाड्यांची रांग पार बसथांब्यापर्यंत होती. इंदिरानगरचं एक जोडपं तर वास्तुतज्ज्ञ घेऊन आलं. त्याने होकायंत्र धरून ईशान्येला पाणी आहे का ते पाहिलं. तिथे अप्पा लुंगी खोचून पंपाला शिव्या देत होते. शेवटी मी ओट्यावर चढून खरं सांगितलं, की जागा विकायची नाही, फळं विकायची आहेत, चूक माझी. "चकोते दाखवायला एवढं पेट्रोल जाळायला लावलंत का, मॅडम?" कुणीतरी ओरडलं, आणि माणसं वळली. मला झाडं पडल्याचा आवाजच ऐकू आला. मी धावत जाऊन फाटकाला कुलूप घातलं. म्हटलं, एकेक फोड खाल्ल्याशिवाय कुणीही जाणार नाही. (हर्षिताला 'सोडायचा नाही' म्हणजे हे अपेक्षित नसावं.)

आईने तिखटमीठ लावून फोडी दिल्या. पहिल्यांदा वास्तुतज्ज्ञाने दुसरी मागितली. मग त्या जोडप्यातली बाई म्हणाली, आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो, जमीन राहू दे, हे झाड यंदापुरतं आमच्या नावावर कराल का? फळं आम्हीच येऊन उतरवू. मी 'हो' म्हणून टाकलं, आणि मग बाकीच्यांत भांडणंच लागली. इतक्यात नागनाथ तणतणत आला. "काय हो भव्याअक्का, माझी गिऱ्हाइकं कोंडून ठेवलीत?" त्याच्याही हातात फोड गेली. "स्वल्प उप्पु," एवढंच म्हणाला. आईने मीठ वाढलं. जाताना आपल्या आईच्या नावाने एक झाड घेऊन गेला. वर मलाच विचारतो, पुढच्या वर्षीही मिळेल ना? म्हटलं, ते तुमच्याच कागदावर आहे, अण्णा.

जाहिरात बदलली आहे. आता पहिलाच शब्द 'चकोते' आहे. फोन फारच कमी येतात, पण जे येतात ते चव विचारतात. नीलिमाअक्काला आणि तुम्हाला नमस्कार.

तुमची,
भव्या

ता. क. यंदाचे चकोते गेले. आता सहीला येऊ नका. फळं उतरवताना शिडी धरायला माणूस हवं, त्यासाठी मात्र या. गुडघ्याला खाली उभंच राहायचं आहे.

ता. क. २. फाटकावर नागनाथचा पत्रा दिसला नाही तर शोधू नका. काल संध्याकाळी तो मी कापला. मागच्या कोऱ्या बाजूवर नावं रंगवून अकरा पाट्या सुतळीने झाडांना बांधल्या. लोकांना दहाच झाडं दिली, म्हणून विहिरीजवळच्या अकराव्या झाडावर 'संताजी' लिहिलं आहे. रंग वाळला.