वकीलसाहेबांचा उजवा खिसा

मंगळवार, ११ मार्च

आज संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी त्या वाहिनीने वकीलसाहेबांची अब्रू काढली. वेळ घड्याळात बघून लिहिली आहे. नोकरी सुटली, सवय सुटत नाही.

'सध्या ते काय करतात' छापाचा कार्यक्रम. नऊ वर्षं आमच्या मालिकेत वकील झालेला माणूस! लोक रस्त्यात अडवून त्यांना विचारायचे, भाडेकरू कसा काढायचा. आता चाकाच्या खुर्चीत. कंपवात. हात हलतो, हनुवटी हलते, चेहरा तेवढा हलत नाही. तो चेहरा! दोन मिनिटं हे दाखवलं आणि लगेच जुनी फजिती — कोर्टाचा सीन, साहेब कागद उचलतात, तो पडतो, पुन्हा उचलतात, पुन्हा पडतो, वाक्य विसरतात. मागे अख्खं युनिट खिदळतंय. आणि ती निवेदिका, बत्तीशी दाखवत — "साहेब कोर्टात काय घेऊन यायचे, ते सगळ्यांना ठाऊक आहे!"

आजारी माणसाला दारुडा म्हणायचं, तेही टाळ्या लावून!

तडक फोन केला. कोणी पोरगी होती. "मॅडम, एवढं सीरियसली नका घेऊ ना." म्हटलं, बाळ, मी सगळंच सीरियसली घेते, म्हणून तर तीस वर्षं मला कामावर ठेवलं. तिने फोन ठेवला.

बुधवार, १२ मार्च

झोप लागली नाही. रागाने — असं सध्या लिहून ठेवते.

शुक्रवार, १४ मार्च

भाची आली होती. वाहिनीचा नालायकपणा दाखवायचा म्हणून तिच्याच मोबाइलवर ती फजिती लावायला सांगितली. ती हसली नाही. आवाज मोठा केला. पुन्हा लावली.

"मावशी, हा तुझा आवाज ना?"

माझाच. मंगळवारीच ओळखला होता. इथे लिहिला नाही, एवढंच. स्वतःच्या वहीतसुद्धा लपवाछपवी!

"उजवा हात, साहेब, उजवा! मागच्या शॉटला उजवा होता! आज सकाळी सकाळीच घेऊन आलात की काय?" — आणि त्यावर तो हशा. विनोद माझा. निवेदिकेने नुसता उष्टा उचलला.

भाचीला म्हटलं, अगं, कामच होतं माझं ते. कंटिन्युइटी. कप कुठल्या हातात, पेल्यात पाणी कुठवर, कोणतं बटण उघडं — एका शॉटमध्ये एक आणि पुढच्यात दुसरं दिसलं की बोलणी मला बसायची.

"ते खरं गं. पण विचारायचंस ना एकदा, हात दुखतोय का म्हणून."

पंचवीस वर्षांची पोर. दोन मिनिटांत सुचलं तिला.

सोमवार, १७ मार्च

माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. साहेबांचं मालिकेतलं शेवटचं वर्ष. अक्षर काय सुंदर! कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांची कृपा.

"कप उजव्या हातात हवा, डाव्यात घेतला." चौदा वेळा. "चालताना उजवा हात हलत नाही, आधीच्या सीनशी जुळत नाही." हे मी लिहिलं आहे, तारखेसह! सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि चुकांच्या रकान्यात टाकलं.

मग ते उजवा हात कोटाच्या खिशात ठेवू लागले. आधीच्या सीनमध्ये तो खिशात नव्हता. तर मी काय केलं? ड्रेसवाल्या दादांकडून खिसाच शिवून घेतला!

"मदर, खिसा राहू द्या ना," म्हणाले होते. सेटवर सगळे मला पाठीमागे मदर सुपीरियर, म्हणजे कॉन्व्हेंटची मोठी सिस्टर म्हणायचे, हे एकटे तोंडावर. मी म्हटलं, कोर्ट आहे हे, बाग नव्हे फिरायला.

पुढची पानं — "खिसा उसवलेला. पुन्हा शिवला." "पुन्हा उसवलेला. दुहेरी टाका." असं सहादा. मला वाटायचं, मुद्दाम खोडी काढताहेत. मीही हट्टाला पेटले.

शेवटी निर्मात्याला दिलेल्या अहवालाची नक्कल. "कलाकार सेटवर पिऊन येतात, काम खोळंबतं." सही माझी. महिन्याभरात वकील कथेत परदेशी गेले आणि साहेब घरी. त्यानंतर कोणी बोलावलं नाही त्यांना.

बुधवार, १९ मार्च

त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. परत आले. शेजारणीला सांगितलं, भाजी चांगली नव्हती.

गुरुवार, २० मार्च

आज गेले.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. "ओळखलंत का मला?" म्हटलं. "आवाज ऐकला की त्या मंगळवारी टीव्हीवर," म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या. या म्हणाल्या नाहीत.

खिडकीशी पलंग, त्याला कठडा. पेल्यात नळी. सदऱ्याला बटणांऐवजी चिकटपट्ट्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं — हात, खिसा, अहवाल. लहानपणी कॉन्व्हेंटच्या चॅपेलमध्ये फादरांपुढे पापं कबूल करणाऱ्या मुलींसारखं, एका दमात. साहेबांचे खांदे हलायला लागले. घाबरले मी. बायको म्हणाली, "हसताहेत. चेहऱ्यावर येत नाही आता."

आवाज अगदी बारीक. कान ओठांशी न्यावा लागला.

"दारूची आवई मीच उठवली, मदर. आजार तुमच्या अहवालाच्या सहा महिने आधीच कळला होता. पिणाऱ्याला हे लोक सांभाळून घेतात. आजाऱ्याला फुलं पाठवतात." मग दम घेऊन — "रोज कोटावर थोडी शिंपडायचो. तुमच्या नाकावर भरवसा होता."

हुश्श झालं मला! खोटं कशाला लिहू? क्षणभर वाटलं, चला, सुटले.

"झालं?" बायको म्हणाली. "सुटलात दोघं? बारा वर्षं मी दारुड्याची बायको आहे. मुलीचं लग्न ठरवताना समोरच्यांचा पहिला प्रश्न तोच. आता खरं सांगायचं तर ह्यांचा आवाज दारापर्यंत पोचत नाही. आणि मी सांगितलं तर? बायकोच ती, पांघरूण घालणारच!"

म्हटलं, येते.

दाराशी त्या थांबल्या. राग नव्हता आता आवाजात, तेच वाईट. "कोट त्यांचाच होता ना, घरी आणायचे. आल्या आल्या खिसा उसवायला बसायचे. कात्री धरवायची नाही. मग मी उसवून द्यायची. दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा शिवलेला! मला वाटायचं, कोण आहे ही बाई? हिला घरी कोणी माणूस नाही का?"



शनिवार, २२ मार्च

सकाळी साहेबांकडे जाऊन दोघांना पत्राचा मजकूर वाचून दाखवला. साहेब म्हणाले, "मदर, एक शब्द वगळा — 'बिचारे'." वगळला. बायकोने चहा दिला. दुपारी पत्र रजिस्टर पोस्टाने वाहिनीला पाठवलं. नक्कल —

'११ मार्च रोजी दाखवलेली चित्रफीत काढून टाकू नये. त्याच कार्यक्रमात, त्याच वेळी, पुन्हा दाखवावी. तीत ओरडणाऱ्या बाईचा आवाज माझा आहे. कलाकार प्यायलेले नव्हते, आजारी होते. त्यांचा आजार मला रोज दिसत होता आणि ते पितात असा लेखी अहवाल मी दिला. हे मी कॅमेऱ्यासमोर, संपूर्ण नावानिशी सांगणार आहे. माझा चेहरा झाकू नये, आवाज बदलू नये, मागे संगीत लावू नये. कलाकार व त्यांची पत्नी यांची संमती सोबत जोडली आहे. सोमवार, ३१ मार्च रोजी संध्याकाळी पाचच्या आत चित्रीकरणाची तारीख लेखी कळवावी. फोन करू नये.'