गड दिसणाऱ्या ओळीची मोजणी

पप्पा, मध्यंतरी तुमची कबर रस्त्यावर गेली होती. घाबरू नका, फक्त नकाशावर. वारज्याच्या पुढच्या आपल्या दफनभूमीत, चिंचेखालच्या ओळीत तुम्ही आहात तिथेच आहात. ती जागा तुम्ही हट्टानं मागून घेतलीत, कारण तिथून सिंहगड दिसायचा. लग्नाआधी तुम्ही मम्मीला गडावर पिठलं-भाकरी खायला न्यायचात. "मी मेल्यावरही गडाकडे बघत पडेन," म्हणालात तेव्हा मम्मी केवढी चिडली होती! "शुभ बोला जरा," म्हणून ताट आपटलं होतं तिनं.

आता समोर उंच इमारत उठतेय. तिला हरकत घ्यायची म्हणून कुठल्या कबरींवरून गड झाकला जाईल त्याचा नकाशा हवा होता, आणि चर्चच्या मंडळीत जमीन मोजणारी मी एकटीच. पहिल्यांदा हातातल्या यंत्रावर उपग्रहाचे आकडे घेतले. निम्म्याहून जास्त कबरींवरून गड गायब! हरकतीला जोर आला म्हणून सगळे खूश. पण त्याच नकाशावर तुम्ही कुंपणाबाहेर, रस्त्यात. दाट चिंचा आणि शेडचा पत्रा, त्यांवर आपटून आलेल्या सिग्नलनं सगळे बिंदू इमारतीकडे सरकले होते.

तेव्हा एकदम आठवलं: मी शाळेत आहे, सुट्टीत तुमच्याबरोबर मोजणीला आलेय, आणि तुम्ही लांबून ओरडताय, "अगं, टेप धरलीयस की पतंगाचा मांजा? ताण जरा!" आणि मग जवळ येऊन, हळू आवाजात, "आकडा मनासारखा आला ना, की पुन्हा मोजायचं." काय करणार, पुन्हा मोजलं. फाटकाजवळच्या मोजणीच्या पक्क्या दगडापासून, तिपाईवर दुर्बिणीचं यंत्र लावून, एकेक कबर. सगळ्या कबरी आपापल्या जागी परतल्या आणि जवळजवळ सगळ्यांना गड मिळाला. फक्त तुमच्या ओळीचा गेला.

"अगं, पहिलाच नकाशा देऊ की. कोण तपासतंय?" मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले. माझं डोकंच फिरलं. "मी तपासलाय ना," म्हटलं. दुरुस्त नकाशाच दिला. सुनावणीला साहेब अगदी अदबीनं म्हणाले, "एका ओळीसाठी आपण इमारत अडवायची का, सांगा?" हरकत फेटाळली गेली. बाहेर येऊन स्कूटरवर बसून मी हमसून हमसून रडले. तुमचा राग आला, खरं सांगते. कशाला शिकवलंत मला हे सगळं?

ईस्टरला मम्मीला घेऊन आले. काचबिंदूनं तिची नजर पार गेलीय, पप्पा. मी कबर धुतली, चुना लावला, तिनं चाचपडत झेंडू ठेवले. मग उठून, माझा खांदा धरून, बरोबर गडाच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. समोर स्लॅबवर स्लॅब, हिरवी जाळी.

"दिसतोय ना गं?"

"दिसतोय की. वरच्या टीव्हीच्या टॉवरसकट."

ती हसली. तेवढं मी पुन्हा मोजणार नाही, पप्पा.