पानं सांगितलेला दिवस

३ फेब्रु. १९९५, शुक्र.

कलेक्टर कचेरीचं पत्र. तालुक्याच्या अन्न सल्लागार समितीने आजवर काय साधलं, ते महिनाअखेर लिहून द्या. उपयोग दिसला तर समिती राहील, नाहीतर बरखास्त. बैठकीत पत्र वाचून जालं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. का, तर मी मेस चालवतो, चार लोकांचं कानावर येतं. अध्यक्ष गोविंदराव, रिटायर हेडमास्तर, म्हणाले, "तूंच लिही रे. तुझे कान म्हणजे कान." स्तुती करून काम गळ्यात घालायची त्यांची जुनी कला.

इंग्रजीत लिहायचंय. माझं इंग्रजी आठवीतलं. या वहीत मराठीत लिहिलेलं मात्र घरात कुणाला वाचता येत नाही, बोलतात मराठी पण शाळा सगळ्यांची तमिळ, तेवढी सोय.

७ फेब्रु., मंगळ.

फॉर्म बघितला. भेटी किती, तक्रारी किती, निवारल्या किती. माझ्या नि गो.रावांच्या वाट्याला कालव्यापलीकडच्या गावातलं रेशन दुकान. दर महिन्याला एक भेट. दर भेटीला तांदूळ स्वच्छ, लांब रांग, लोक हसतमुख. तक्रारी: शून्य. गो.राव खूष. "शून्य म्हणजे शंभर मार्क!"

मला शून्य आवडत नाही. मेसमध्ये ज्या दिवशी एकही गिऱ्हाईक सांबाराला नावं ठेवत नाही, त्या दिवशी मी स्वतः जाऊन चव घेतो.

१० फेब्रु., शुक्र.

दुपारी मेसच्या मागे भांडी घासायला बसलेल्या बायकांचं बोलणं कानावर आलं. आमची सुंदरी त्याच गावची. दुसरीला तमिळमध्ये सांगत होती, "या महिन्यात अजून पानं सांगितली नाहीत. सासू कार्ड घेऊन बसलीय."

पानं म्हणजे माझी पानं. तपासणीच्या दिवशी जेवण मेसमधून डब्यात नेतो, शाळेच्या ओसरीवर बसतो. शहरातलं केळीचं पान दुपारपर्यंत मलूल होतं आणि गो.रावांना ताज्या पानाशिवाय घास जात नाही. म्हणून आदल्या दिवशी सुंदरीला सांगतो, गावातल्या केळीवाल्याला चार पानं सांगून ठेव.

सुंदरीला हाक मारली. "पानांचा नि कार्डाचा काय संबंध गं?"

तिने आधी शेजारच्या बाईकडे बघितलं. मग हसली. "अण्णा, तुम्हाला खरंच ठाऊक नाही?"

ठाऊक नव्हतं. पानं सांगितली की केळीवाला दुकानदार सेल्वमला सांगतो. सेल्वम चांगल्या गोण्या पुढे काढतो. सगळा गाव त्या दिवसापर्यंत थांबतो आणि महिन्याचा तांदूळ त्या एका दिवशी उचलतो. म्हणून लांब रांग. म्हणून हसतमुख. तिकडे त्याला नावच पडलंय, पानांचा दिवस.

"आणि गेल्या महिन्यात?"

गेल्या महिन्यात गो.रावांच्या नातवाचं बारसं होतं, आम्ही गेलो नाही.

"गेल्या महिन्यात अखेरपर्यंत वाट बघितली. मग वास येणारा आणला. तीन पाण्यांत धुतला तरी पोरं नाक धरून जेवली."

जेवण गेलं नाही आज. बायको, शारदा, म्हणाली, "तुमचे कान गावभर, पानांतलं मात्र दिसत नाही."

१३ फेब्रु., सोम.

न सांगता गेलो. मोपेडवर, एकटा. वाटेत दोन्ही बाजूंना कापणी, नव्या भाताचा वास, रस्त्यावर पेंढा पसरलेला. आणि दुकानात पिवळा, जाळं धरलेला तांदूळ. रांग नाही. एक म्हातारी नि एक शेळी.

सेल्वम उठून उभा. चेहरा बघण्यासारखा. "सार... पानं नाही सांगितली?"

रागवायचं ठरवून गेलो होतो, हसू आलं. मग तोही मोकळा झाला. दहा गोण्या आल्या तर चार बऱ्या असतात म्हणाला. "मिसळून दिल्या तर सगळ्यांना रोज खराब. चार ठेवतो तुमच्या दिवसासाठी. जो येईल त्याला बरा. मी काय वाईट केलं, सांगा."

"जो येत नाही त्याचं?"

त्याने म्हातारीची पिशवी पुढे ओढली. ती म्हणे कापणीवर जाणाऱ्या लेकीकडे राहते, पानांचा दिवस तिला कोण कळवणार. तिच्या पिशवीत पिवळा पडला.

बाकीच्या सहा गोण्या खराबच येतात की येऊन खराब होतात, ते त्याने सांगितलं नाही. मीही घाईत... विचारायला हवं होतं.

१६ फेब्रु., गुरु.

गो.रावांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांची कॉफी निवली. मग, "म्हणजे इतकी वर्षं आपण तिकडे जाऊन जेवून आलो." मग दुसरा सूर: "असं लिहिलंस तर समिती जाईल. समिती गेली तर तो एक दिवसही जाईल. गावाचं भलं कशांत?"

हेडमास्तर. प्रश्न घालून घरी पाठवतात.

मी म्हटलं, दर आठवड्याला जाऊ, न सांगता. म्हणाले, "माझे गुडघे?"

२० फेब्रु., सोम.

दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. पहिलं: समिती निरुपयोगी. खरं आहे, आणि खोटंही. दुसरं: समितीमुळे महिन्यातून एकदा चांगला तांदूळ मिळतो. तेही खरं, आणि वाचून लाज वाटते.

सुंदरीला विचारलं, तुम्ही एकदाही तक्रार का केली नाहीत?

"तक्रार केली तर तुम्ही न सांगता याल. मग आम्हाला काय मिळणार?"

हे फॉर्मात कुठल्या रकान्यात घालू?

२४ फेब्रु., शुक्र.

इडलीचं पीठ बिघडलं, नोकरांवर ओरडलो, मग सगळ्यांना कॉफी पाजली. मन ठिकाणावर नाही. गाव अजून थांबलाय. मंगळवारी महिना संपतो, न उचललेला तांदूळ गेला तो गेला. पानं सांगावीत तर मीच सेल्वमला चिठ्ठी पाठवल्यासारखं, आणि आता मला ते ठाऊक आहे. नकळत करत होतो तेव्हा बरं होतं.

२७ फेब्रु., सोम.

सकाळी कचेरीत बोलावलं. रिपोर्ट नुसता कागदावर नको. नवे तरुण अधिकारी उद्या स्वतः माझ्याबरोबर दुकान बघायला येणार. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कोणालाही कळता कामा नये. तुमच्यावर विश्वास आहे."

उद्या त्यांनी पिवळा तांदूळ बघितला तर प्रश्न वरपर्यंत जाईल. कदाचित गोण्या सुधारतील. कदाचित नुसती समिती जाईल, सेल्वमची बदली होईल नि नवा माणूस चारही गोण्या आत ठेवील. आणि सुंदरीच्या घरी हाही महिना वासाचा, ते मात्र नक्की.

गो.रावांना विचारायला गेलो. झोपले होते, किंवा झोपले म्हणून सांगितलं.

संध्याकाळचे पाच. भांडी कधीच घासून जाली. सुंदरी पदराला हात पुसत दारात उभी आहे. साडेपाचची बस गेली तर केळीवाला भेटायचा नाही.

"अण्णा, उद्या महिन्याचा शेवटचा दिवस. किती पानं सांगू?"

मी लिहितोय असं दाखवतोय. ती जात नाही.