बांगड्यांचं वाक्य

सर,

व्यासपीठावरून इतिहास सांगत खानदेशभर फिरणाऱ्या आम्हा वक्त्यांची तुमच्याविरुद्ध एक तक्रार आहे. लोक आम्हाला ऐकायला येतात आणि मानतात तुम्हाला. धुळ्यात, यावलला, असोद्याच्या मंडपात मी दोन-दोन तास घसा फोडतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. मग हार घालता घालता अध्यक्ष माझ्या कानाशी लागतात, "सरांच्या हाताखाली तयार झालात ना? तरीच." तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तुमची युद्धावरची तिन्ही पुस्तकं बाजारात मिळत नाहीत. तुम्ही आयुष्यात एकदाही आवाज चढवला नाहीत. तरी माझा हार अर्धा तुमच्या गळ्यात जातो, आणि खरं सांगतो, मला ते अजून सोसत नाही.

तुमच्या जळगावच्या घरात बैठकीची खोली पुस्तकांनी भरलेली, म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात लिहायचात. प्रकरण लिहून झालं की ते काकूंना वाचून दाखवायचात. काकू कळण्याची भाकरी थापत ऐकतात. तोफा, तह, सरहद्दी, सगळं त्यांच्या कानावरून जातं आणि मध्येच त्या विचारतात, "मग त्या बायांनी लढाईच्या तिसऱ्या वर्षी तेल कुठून आणलं?" तुम्ही पेन खाली ठेवता. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ते तेल शोधत ग्रंथालयं पालथी घालता. लढाई संपते तिथे बाकीच्यांची पुस्तकं संपायची, तुमचं तिथे सुरू व्हायचं. जिंकलेल्या देशाच्या शाळेत पुढे काय शिकवलं गेलं, हरलेल्या देशातल्या मुली कोणत्या कामाला लागल्या, हे तुम्ही शोधायचात. माझं पहिलं भाषणही मी त्याच ओट्यापाशी उभं राहून म्हणून दाखवलं होतं. काकूंनी सगळं ऐकलं, भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "छान बोलतोस रे." प्रश्न एकही विचारला नाही. त्यांचा तो एक प्रश्न मला आजही हवा आहे.

आणि मग वरणगाव. तुमच्या दुसऱ्या पुस्तकातलं एक वाक्य मला तोंडपाठ होतं. लढाईच्या दिवसांत दारूगोळा भरणाऱ्या बायकांच्या बांगड्यांचा आवाज पाळी बदलली तरी थांबत नव्हता, असं ते वाक्य. वाचलं तेव्हाच मला कळलं की हे बोलायचं वाक्य आहे. वरणगावच्या सभागृहात त्या दिवशी निम्मे लोक तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले होते. तुम्ही शेवटच्या रांगेत बसला होतात. मी आवाज खाली आणला, थांबलो, मनगट वर धरून हलवलं आणि ते वाक्य टाकलं. कधी नव्हे ते लोक हसले. दुसऱ्या रांगेतून एक म्हातारी बाई उभी राहिली.

"काय व भाऊ, तुम्ही कधी गेटाच्या आत गेले व्हते का?"

मी म्हणालो, "नाही, अक्का."

"मंग बांगड्या कोनाच्या आयकल्या? बांगड्या घालीसन आत कोन जाऊ दे? गेटवरच काहाडा लागे. मंगयसूत्रबी काहाडा लागे. एक ठिनगी पडली त आपन बी नाही अन् तुमचं भाषनबी नाही."

सभागृह पुन्हा हसलं. तेवढ्यात मागून तुम्ही उठलात आणि नेहमीच्या आवाजात म्हणालात, "अक्कांचं बरोबर आहे. चूक याची नाही, माझी आहे. वाक्य माझ्या पुस्तकातलं आहे आणि मी ते आत न जाता, कोणाला न विचारता लिहिलं." मग तुम्ही त्यांनाच विचारलंत, "मंगळसूत्र काढून जायचात तर घरचे काय म्हणायचे?"

"सासू म्हने, नवरा जिता असताना गया मोकया ठेवती का? माही जाऊबी माह्याबरोबर कामाले. तिचा मालक फौजेत, तिकडं लढाईवर. तिनं हयदीचा दोरा करून गयात बांधला. त्याले कोनी नाही म्हने. मंग आम्ही सगयाच बांधू लागलो."

तिची जाऊ फौजेतल्या नवऱ्यासाठी गळ्यात हळदीचा दोरा बांधून त्याच्याच लढाईचा दारूगोळा भरत होती. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. अक्कांसाठी होत्या, पण लोक मान वळवून तुमच्याकडे बघत वाजवत होते. माझ्या कोणत्याही भाषणाला तशा टाळ्या मिळालेल्या नाहीत. भर सभेत चूक कबूल करणाऱ्या माणसाला मिळाल्या आणि मी माईकपाशी उभा राहून त्या ऐकल्या.

परतीच्या बसमध्ये भुसावळ आल्यावर तुम्ही म्हणालात, "तुझा आवाज चांगला आहे. त्यामुळे माझी चूक लांबपर्यंत गेली." रागावला असतात तर मी भांडलो असतो. महिन्याभराने त्या पुस्तकाची तुमची स्वतःची प्रत तुम्ही माझ्या हातात दिलीत. बांगड्यांच्या वाक्यावर पेन्सिलची रेघ होती, समासात बारीक अक्षरात अक्का, त्यांची जाऊ, तो दोरा, सगळं. तुम्ही परत जाऊन त्यांना भेटला होतात. "आता हे बोल," म्हणालात. मी त्या विषयावर पुन्हा कधी बोललोच नाही.

गेल्या दिवाळीनंतर तुमच्या मुलीचा धुळ्याहून फोन आला. ती तुमची पुस्तकं पुन्हा छापते आहे. "भाऊ, बाबांची ती पेन्सिलने दुरुस्त केलेली प्रत तुमच्याकडे राहिली का हो? आई म्हणायची, कोणाला तरी दिली."

"नाही गं," मी म्हणालो. "माझ्याकडे कशी येईल?" प्रत माझ्या खुर्चीमागच्या फळीवर होती. मला ते वाक्य तसंच पुन्हा छापून यायला हवं होतं. पुन्हा एखाद्या बाईने उठावं, आणि या वेळी "चूक माझी" म्हणायला तुम्ही नसावं. देश आपापल्या युद्धांतली गैरसोयीची पानं लपवतात म्हणून मी गावोगाव गरजतो, आणि तुमचं एक पान मी सहा महिने लपवून बसलो.

काल तिचा पुन्हा फोन आला. "सोमवारी छापायला जातंय, भाऊ. ते बांगड्यांचं वाक्य चुकलंय असं बाबा म्हणायचे, पण बरोबर काय ते मला माहीत नाही. काढूनच टाकते."

काढलं असतं तर तुमची चूक गेली असती आणि तुमचं काहीच बिघडलं नसतं. पण अक्का आता नाहीत. त्यांच्या जावेचा दोरा त्या समासाशिवाय कुठेही लिहिलेला नाही. माझं भांडण तुमच्याशी होतं, आणि मिटणार होत्या त्या दोघी. हे माझ्यासारख्या बोलघेवड्याला कळायला सहा महिने लागले.

आज सकाळी मी तिला फोन केला. "प्रत सापडली," म्हणालो. "जुन्या कागदांत होती."

ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही जपलीत म्हणून. प्रस्तावनेत तुमचे आभार मी स्वतः लिहिणार."

सर, ती प्रत कधी हरवलीच नव्हती. आणि आभाराला मी नको म्हणालो नाही.