इथे पुष्कर राहत नाही

गुरुग्राम, ४ जानेवारी २०२५

ती. आईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

महिन्याचं पत्र वेळेवर टाकतेय, म्हणजे दिल्लीकर पोरं मराठी विसरली हा टोमणा नको. खुशखबरी आहे, आई. कृतिकाच्या गर्भाशयातल्या गाठी काढल्या ती जखम पूर्ण भरली. डॉक्टर म्हणाल्या, आता मूल होऊ द्यायला बिल्कुल हरकत नाही.

तुला कधी उघड सांगितलं नव्हतं. माझ्या हार्मोनच्या गोळ्या सुरू होण्याआधी मी दिल्लीतल्या एका क्लिनिकमध्ये वीर्य गोठवून ठेवलं होतं. पुढे माझं ऑपरेशन झालं, त्यामुळे आम्हा दोघींचं स्वतःचं मूल व्हायचं तर तेवढ्यावरच. या महिन्यात जाऊन येऊ. बाबांना तूच सांग, मला लाज वाटते.

लोभ आहेच, तो आणखी एकात वाटायची तयारी ठेव.

तुझी रसिका

पानिपत, ११ जानेवारी

चि. रसिका व चि. सौ. कृतिका यांस अनेक आशीर्वाद.

'खुशखबरी' नव्हे गं, आनंदाची बातमी! देवापुढे साखर ठेवली. बाबा ऐकून गच्चीवर गेले आणि खाली आले ते नाक पुसत. कृतिकाचं कौतुक करावं तेवढं थोडं. तू बदललीस, पण तिने हात सोडला नाही.

मीसुद्धा सुधारलेय बरं का! दिवाळीत एक बाई सारखी फोन करायची, पुष्करजी आहेत का म्हणून. लोन विकणारी असणार. दोनदा नुसता ठेवून दिला. तिसऱ्यांदा ती पुढे काही बोलायच्या आत ठणकावलं, "यहाँ कोई पुष्कर नहीं है। मेरी बेटी है, रसिका." पुन्हा त्या नावाने फोन आला तर पोलिसात जाईन म्हटलं. तेव्हापासून बंद! तुझं हेच जुनं नाव सुटलं म्हणून मी दोन वर्षं रडले होते. बाबा म्हणाले, शाब्बास कुमुदिनी.

कृतिकाला जड उचलू देऊ नकोस. दोघींवर माझा जीव आहे, हे काय लिहायला हवं?

तुझी आई

गुरुग्राम, २ फेब्रुवारी

चि. साकेत यास अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायला गेले की रडू येतं, म्हणून तुला तिकडे पुण्याला लिहितेय. वाचून फाडून टाक.

क्लिनिकने माझं सगळं टाकून दिलंय. नोव्हेंबरात मुदत संपत होती. वाढवायची का, हे विचारायला त्यांनी फोन केले होते. माझा जुना नंबर मी जुन्या नावासकट सोडला, आणि नवा कळवायचं सुचलंच नाही. घरचा म्हणून आईचा दिला होता. तिकडून उत्तर आलं, इथे पुष्कर नावाचं कोणी नाही. काउंटरवरची मुलगी हे सांगत होती आणि माझ्या कानात आईचा आवाज.

परतताना टॅक्सीत कृतिका म्हणाली, आईंना हे कधी कळता कामा नये. मी आईला सांगितलंय की गोठवलेलं खराब निघालं, असं होतं कधी कधी. तूही तेच सांग. डॉक्टर डोनर सुचवतात. घेऊही यार, आणि त्या मुलावर जीव टाकू. पण बाबांच्या जाड भुवयांचं एखादं पोर मी मनात कधीचं खेळवत होते. ते गेलं रे.

आईचा राग येतो का, असं कृतिकाने विचारलं. शाळेत पोरं छळायची, लग्नाकार्यात सगळे हसायचे, तेव्हा मला वाटायचं, आईने एकदा तरी माझ्या बाजूने कोणाला खडसवावं. ती मान खाली घालून बसायची. साकेत, आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यासाठी भांडली, ती त्या फोनवर. तिला ते चुकलं म्हणून मी कसं सांगू?

जेवत जा वेळेवर. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई